गोदेचं दुसरं टोक

नगरसूल हे येवला तालुक्यातलं स्टेशन. तिथून आंध्रातल्या नरसापूरला एक गाडी जाते. शिर्डीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या तेलुगू भक्तांची ती हक्काची गाडी, त्यामुळे डब्यात मराठी कमी आणि तेलुगूच जास्त कानावर पडतं. नाशिकच्या बहुतेकांचं तिच्याशी काही देणंघेणं नसतं. पण जरा नकाशा उघडून बघा. गोदावरी ज्या जिल्ह्यात उगम पावते त्याच जिल्ह्यातून ही गाडी निघते, आणि गोदावरीची वसिष्ठा नावाची शाखा जिथे समुद्राला मिळते, त्याच्या जवळच्या शेवटच्या स्टेशनावर जाऊन थांबते. हे लक्षात आलं त्या दिवशी मी यांना हातातलं काम टाकून बोलावलं आणि मोबाइलवर बोट फिरवून दाखवलं. हे नुसतं "अरेच्चा" म्हणाले आणि बराच वेळ नकाशा बघत बसले.

मी पंचवटीत वाढले. आमच्या घरी गोदावरीला गंगाच म्हणत, "गंगेवर जाऊन येते" असं. आजी रोज पहाटे गंगेवर, आई सणावारी गंगेवर, आणि पावसाळ्यात आम्ही पोरं पूर बघायला गंगेवर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या दारोदार फिरायच्या आणि गळ्याच्या वर गेलं की भांडीबाजारातले दुकानदार माल हलवायला लागायचे. पूर ओसरला की मला एकच प्रश्न पडायचा, एवढं सगळं पाणी गेलं कुठे? शाळेत उत्तर मिळालं, बंगालच्या उपसागराला. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि ही नदी मात्र त्याच्याकडे पाठ करून १४६५ किलोमीटर पूर्वेला चालत जाते. हे पुस्तकात वाचलं तेव्हापासून ती जिथे पोचते ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, हे मनात होतं. पुढे आई गेली, तिच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, आणि त्या लहानपणच्या प्रश्नाला वेगळाच अर्थ आला.

हे निफाड तालुक्यातले, पाटाच्या पाण्यावर वाढलेले. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचा डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, त्यांवर यांचं सगळं आयुष्य गेलं. ज्या घरात नवरा कालव्यावर असतो त्या घरात सुट्टीचं गणित वेगळं असतं. थंडीत सगळं जग फिरायला निघतं तेव्हा रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलेलं असतं. मे महिन्यात पोरांना सुट्टी लागते तेव्हा उन्हाळी आवर्तन. कुठल्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, कुणी दार फोडलं, टेलच्या म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही, की रात्री दोनला फोन. त्यानंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं करताना माझ्या मनात कधी कुरकुर आली नाही, पण अंतर्वेदीचं, म्हणजे वसिष्ठा समुद्राला मिळते त्या गावाचं, नाव घेणं मी थांबवलं. २०२० च्या मार्चअखेरची तिकिटं काढली होती, ती टाळेबंदीत गेली. हे निवृत्त झाले आणि पेन्शनचे कागद मार्गी लागले, तेव्हा यांनीच विषय काढला. "आता कुणाचं आवर्तन नाही. निघू या."

पण यांचीही एक अट होती. मला संगम बघायचा होता, तर यांना धवळेश्वरमचं बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा. इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनने गोदावरी अडवली ती जागा. खात्यात कामाला लागल्यापासून यांनी ते नाव ऐकलेलं, फोटो बघितलेले. मग आम्ही असं ठरवलं, की थेट नरसापूरला उतरायचं नाही. अलीकडे भीमावरमला उतरायचं, तिथून राजमहेंद्रीला जायचं आणि पुढे नदी जशी जाते तसं तिच्या सोबतीने खाली उतरायचं. संगम शेवटी. परतीची गाडी मात्र नरसापूरहूनच.

तयारीत फार काही सांगण्यासारखं नाही. आरक्षण उघडलं त्या दिवशी मुलीने पुण्यात बसून खालचे दोन बर्थ मिळवले, कारण यांचे गुडघे आता वर चढू देत नाहीत. फेब्रुवारी होता, म्हणजे निफाडकडे द्राक्षाचा हंगाम. दिरांनी बागेतली एक पेटी भरून दिली. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा घेतला, आणि एक खण, नारळ, मूठभर तांदूळ वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले. ते कशासाठी हे यांनी विचारलं नाही. यांना कळलं असावं.

गाडी संभाजीनगर, जालना, परभणी करत मराठवाडा ओलांडते. द्राक्षांची पेटी सिकंदराबादच्या आतच संपली, कारण समोरच्या कुटुंबातली तीन पोरं आणि त्यांची आजी यांच्यापुढे ती उघडी पडली. त्या बदल्यात आम्हाला गोंगुऱ्याची चटणी आणि भात मिळाला. अंबाडीची भाजी आपण खातो, पण तिचा एवढा झणझणीत अवतार मी पहिल्यांदाच चाखला. विजयवाड्याच्या पुढे जमीन एकदम सपाट होते. खिडकीतून नजर जाईल तिथवर पाणीच पाणी. मासे आणि कोळंबीची तळी, मधून भाताचा हिरवा पट्टा, कडेला नारळ. आमच्या डोळ्यांना सवय चांदवडच्या डोंगरांची, इथे डोंगर म्हणून औषधाला सापडेना.

भीमावरमहून राजमहेंद्रीला बसने गेलो. कोव्वूर गाव आलं आणि बस पुलावर चढली. हा १९७४ चा पूल, खाली रेल्वे आणि वर रस्ता. मी खिडकीशी होते. आधी वाळू दिसली, मग पाणी, आणि मग ते पाणी संपेचना. नाशिकला होळकर पुलावरून चालत जाताना बोलणं अर्धं होत नाही तोवर पलीकडचा काठ येतो. इथे पात्र जवळजवळ तीन किलोमीटर रुंद आहे. बाजूला १९०० सालचा जुना हॅवलॉक पूल, आता त्यावरून गाड्या जात नाहीत, आणि पलीकडे १९९७ चा, धनुष्यासारख्या कमानींचा. हे खांब मोजत होते, म्हणाले, "अगं, बघ ना." मी बघतच होते. आपल्या गल्लीत परकर नेसून हिंडणारी पोर परगावी कलेक्टरच्या खुर्चीत बसलेली दिसावी, तसं मला झालं. ओळख तर पटते, पण हाक मारायचा धीर होत नाही. डोळे भरून आले. यांनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी पुष्कर घाटावर गेलो. तिथे पायऱ्यांवर एक बाई दिवे लावून बसल्या होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असाव्यात, रोज येणाऱ्यांपैकी. त्यांचं हिंदी मोडकं, माझं तेलुगू शून्य. "नासिक" म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला. "नासिक? त्र्यंबकम्?" आणि मग विचारलं, तिथे ती कशी दिसते? मी फोनमध्ये शोधून त्यांना गंगाद्वाराचा फोटो दाखवला. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून गेल्यावर गोमुखातून थेंब थेंब पाणी पडतं तो. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "इतनी?" म्हणून त्यांनी चिमूट दाखवली. मी म्हटलं, हो, इतकीच. त्यांनी माझा फोन घेऊन दोन्ही डोळ्यांना लावला.

गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो आणि त्याच वेळी राजमहेंद्रीला गोदावरी पुष्करम् असतं, हे मला त्या बाईंकडूनच नीट कळलं. म्हणजे २०१५ मध्ये आमच्या घरी पाहुण्यांची पंगत उठत होती तेव्हा या घाटावरही तीच गर्दी होती. त्यांचं पुष्करम् बारा दिवसांचं, आपला सोहळा लांबलचक, पण ग्रह एक, नदी एक. त्या साली पुष्करम्‌च्या पहिल्याच दिवशी याच घाटाजवळ चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. २००३ ला नाशिकनेही तेच बघितलंय. त्या बोलायच्या थांबल्या, मीही. २०२७ ला पुन्हा दोन्हीकडे पर्व आहे, आणि दोन्हीकडच्या माणसांनी जपून असावं एवढंच माझ्या मनात आलं.

दुसरा दिवस यांचा. धवळेश्वरम राजमहेंद्रीपासून अगदी जवळ, रिक्षाने गेलो. मला वाटलं होतं की तासभर भिंत बघायची आणि पुढे निघायचं. सकाळचे गेलेलो दुपार टळून गेली तरी हे हलेनात, आणि मलाही हलावंसं वाटेना.

गोदावरी इथे बेटांमुळे फुटते, म्हणून बॅरेजचे चार भाग आहेत. चारही मिळून १७५ दारं. कॉटनने १८४७ ला काम सुरू केलं आणि १८५२ ला पुरं केलं. तेव्हाचा बंधारा दगडी आणि बुटका होता, आताचं बॅरेज नंतरचं, पण नाव त्याचंच. त्याच्या आधी या भागात पुराने आणि दुष्काळाने आलटून पालटून माणसं मरत होती, गावंच्या गावं ओस पडली होती. आज सुमारे दहा लाख एकर जमीन या पाण्यावर भिजते. गावोगाव कॉटनचा पुतळा आहे, घोड्यावर बसलेला, आणि लोक त्याला हार घालतात. परक्या राज्यकर्त्याच्या माणसाला हार, हे मला आधी विचित्र वाटलं. नंतर त्या कालव्यांच्या काठाने दिवसभर हिंडल्यावर वाटेनासं झालं.

एका कालव्याच्या मुखाशी खात्याचा एक माणूस दारांपाशी उभा होता. साठीकडे झुकलेला, खाकी पँट, खांद्यावर पंचा. यांनी त्याला नमस्कार केला आणि छातीवर हात ठेवून म्हटलं, "इरिगेशन. महाराष्ट्र. गोदावरी कॅनाल." झालं! त्या दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण गेट, गेज, क्युसेक, टीएमसी, टेल-एंड एवढ्यावर त्यांचं दीड तास चाललं. त्याने बोटांनी आकडे दाखवायचे, यांनी मान डोलवायची. त्याने पाण्यातल्या मोजपट्टीकडे बोट केलं, यांनी वाकून वाचलं. मग यांनी दाराच्या चाकाला हात लावला. माझ्या नवऱ्याचा हात मी किती वर्षं बघतेय, पण एखादी गोष्ट हाताळताना तो असा हळुवार होतो हे मला तिथे दिसलं. तळव्याने चाकाची कड फिरून बघितली, वंगण किती आहे ते अंगठ्याने तपासलं, आणि त्या माणसाकडे बघून "बढिया" म्हणाले. तो लाजला.

पुराची गोष्ट निघाली. आपल्याकडे गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती हजार घनफूट पाणी सोडलं त्यावर नाशिकची झोप ठरते. इथे दहा लाख क्युसेकला पहिला इशारा, तेरा लाखांना दुसरा आणि सतरा लाखांना तिसरा. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पस्तीस लाखांवर पाणी गेलं होतं. हे ऐकून यांनी नुसती मान हलवली. आयुष्यभर पाणी मोजलेल्या माणसालाच तो आकडा खरा कळणार.

मग आम्ही बॅरेजच्या वरच्या बाजूला उभे होतो. एका अंगाला शांत, तुडुंब पाणी, दुसऱ्या अंगाला कोरडी वाळू. हे म्हणाले, "हे पाणी बहुतेक आपलं नाही." मी विचारलं, म्हणजे? तर त्यांनी समजावून सांगितलं. त्र्यंबकहून निघालेलं पाणी गंगापूर, नांदूर मध्यमेश्वर करत पैठणला जातं आणि जायकवाडीत अडतं. जायकवाडी १९७६ पासून उभं आहे. इथे जे येतं त्यातलं बरंचसं विदर्भातून आलेल्या प्राणहितेचं, बस्तरच्या इंद्रावतीचं आणि ओडिशाकडून येणाऱ्या शबरीचं. गोदावरी मोठी होते ती त्यांच्या जोरावर.

मला ते लागलं. मी काही बोलले नाही, पण इतक्या वर्षांनी एवढ्या लांब येऊन हे ऐकायचं होतं का, असं वाटून गेलं. आईचं मनात होतं ना. हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण तुझी आई गेली त्या वर्षी पाऊस मोठा होता. जायकवाडीची दारं उघडलेली होती. मी तेव्हा ड्यूटीवर होतो, मला पक्कं आठवतंय. त्या साली आपलं पाणी इथवर आलेलं आहे." एवढं बोलून हे परत मोजपट्टीकडे बघायला लागले. आमच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली त्यांत यांनी मला दागिने फार केले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मला जे दिलं ते मी कुठे ठेवू असं झालं.

पुढचा प्रवास कोनसीमेतला. गोदावरीच्या शाखांनी वेढलेला हा त्रिकोण. गौतम ऋषींनी नदी त्र्यंबकला आणली असं आपण मानतो, तर इथल्या मोठ्या शाखेचं नाव गौतमी. या शाखा सप्तर्षींच्या नावांच्या, असं तिथले लोक सांगतात. रस्ता कालव्याच्या काठाने जातो आणि कालवा रस्त्यापेक्षा उंच. कालव्यात पायऱ्या उतरलेल्या, प्रत्येक घराची आपली पायरी. हे खिडकीतून "अस्तरीकरण बघ", "शिवारात पाणी साचलंय, निचरा नाही" असं सांगत होते आणि मी नारळ बघत होते.

आत्रेयपुरमला मुद्दाम उतरलो, पूतरेकुलु हा तांदळाच्या पापुद्र्यांचा गोड पदार्थ बघायला. खाल्ले होते, पण करताना बघायचे होते. एका घराच्या पडवीत बाई चुलीपुढे बसलेल्या. चुलीवर मडकं उपडं घातलेलं, त्याचा बुडाचा फुगीर भाग वर, आणि तो वर्षानुवर्षांच्या वापराने काळा तुळतुळीत झालेला. बाजूच्या पातेल्यात तांदळाचं दुधासारखं पातळ पीठ. पातळ कापडाचा तुकडा त्यात बुडवायचा, दोन्ही टोकं धरून तापलेल्या मडक्यावरून एकदाच सरकवायचा, आणि कापड पलीकडे जाईपर्यंत मडक्यावर पापुद्रा तयार. इतका पातळ की त्यातून मडक्याचा काळा रंग दिसतो. बोटाच्या टोकाने कड सुटी करून त्या तो अलगद उचलून ठेवत होत्या, एकही फाटत नव्हता. मग त्यात तूप, पिठीसाखर किंवा गूळ घालून घडी. मी हात पुढे केला तर त्यांनी हसून मला कापड दिलं. माझा पापुद्रा मडक्यालाच चिकटून बसला. त्यांनी तो खरवडून काढला आणि पुढचा घातला. त्या कामाला बाईंची पाठ किती वर्षं वाकली असेल हे त्यांच्या बसण्यातून कळत होतं. आम्ही दोन डबे जास्तीच घेतले.

राजोलू करत अंतर्वेदीला पोचलो तेव्हा सकाळच होती. लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ नीटनेटकं, उंच गोपुर, दर्शन झटकन झालं. पण माझं लक्ष तिथे नव्हतं हे देवालाही कळलं असणार. देवळापासून पुढे रिक्षा. दीपगृह दिसतं, मग सुरूची झाडं, मग वाळू. तिथून चालत.

वाळूत यांचे गुडघे साथ देईनात. मी म्हटलं, तुम्ही बसा सावलीत, मी बघून येते. "वेडी आहेस का," म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले. थांबत, बसत, पुन्हा उठत आम्ही टोकाला गेलो. उजव्या हाताला नदी, समोर समुद्र. नदीचं पाणी मातकट हिरवं आणि जवळजवळ स्थिर, समुद्राचं करड्या निळ्या रंगाचं, आणि दोहोंच्या मध्ये लाटांची एक तिरकी पांढरी रेघ फुटत होती, पुसत होती, पुन्हा फुटत होती. कोळ्यांच्या दोन होड्या त्या रेघेवरून आत आल्या.

मी वाकून पाणी तोंडात घेतलं. खारट. हे म्हणाले, "भरती आहे. पाणी वर चाललंय." आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. फेब्रुवारीत धवळेश्वरमची दारं बंद असतात, पाणी कालव्यांतून रब्बीच्या भाताला गेलेलं असतं. या दिवसांत इथवर येतं ते बरंचसं समुद्राचंच पाणी. नदी समुद्राला मिळते ती पावसाळ्यात. बाकीचे महिने ती शेतातच मुरते. गेले दोन दिवस खिडकीतून बघितलेलं ते सगळं हिरवं माझ्या डोळ्यांपुढे आलं. नदी कुठे जाते या माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं शाळेने दिलेलं उत्तर अर्धंच होतं. ती भातात गेलेली होती, नारळात गेलेली होती, आणि बॅरेजवरच्या त्या खाकी पँटवाल्या माणसाच्या हाताने गेलेली होती. मला याचं वाईट वाटलं नाही. उलट खूप बरं वाटलं.

पिशवीतून खण-नारळ काढला आणि गंगेची ओटी भरली. तांदूळ आणि हळदकुंकू पाण्याला वाहिलं. खण आणि नारळ मात्र पाण्यात सोडला नाही. जवळच एक तरुण बाई शहाळी विकत होती, तिची ओटी भरली. ती आधी गोंधळली, मग तिने पदर पुढे केला. रामकुंडावर मी लहानपणापासून बघत आलेय, भक्तीने सोडलेलं सगळं दुसऱ्या दिवशी कचरा होऊन काठाला लागलेलं असतं. आमच्या नाशिकला या नदीचं फार काही चांगलं चाललेलं नाही, आणि हे मला इथे लिहायचंच आहे. पात्रात काँक्रीट ओतून आपण जिवंत झरे बुजवले, गटारांचं पाणी सोडलं, पाणवेली वाढल्या की मशीन आणायची आणि फोटो काढायचे. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की भांडण. राजमहेंद्रीला सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही, घाटाच्या बाजूला तिथेही सांडपाणी दिसलं. पण उगमाला बसलेल्या माणसांवर जास्त जबाबदारी असते असं मला तिथे उभं राहून फार जाणवलं. घाटावरच्या त्या बाईंनी फोनमधल्या ज्या थेंबाला डोळे लावले, तो थेंब आम्ही सांभाळत नाही.

शहाळी पिऊन परत निघालो. सखिनेटीपल्लीच्या घाटावर पंटू लागतो, म्हणजे माणसं, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या सगळं एकत्र घेऊन वसिष्ठा ओलांडणारी मोठी सपाट बोट. यांना एका पोराने स्वतःची जागा दिली. पलीकडे नरसापूर. तिथल्या बाया क्रोशाची लेस विणतात, हे जुनं काम आहे, मी मुलीसाठी एक मेजपोस घेतला आणि भाव केला नाही.

कुणाला जायचं असेल तर संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीअखेर बरं. नंतर उकाडा फार. पूर बघायचा मोह असेल तर तो राजमहेंद्रीच्या पुलावरून बघावा, अंतर्वेदीच्या वाळूवर त्या दिवसांत जाऊ नये. राजमहेंद्रीत हिंदीवर भागतं, कोनसीमेत भागत नाही, पण अडत नाही. आणि जोडीदार पाटबंधारे खात्यातला असेल तर धवळेश्वरमला अख्खा दिवस ठेवावा.

नरसापूरच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलो होतो. हे वहीत काहीतरी लिहीत होते. मी डोकावले तर प्राणहिता, इंद्रावती, शबरी अशी नावं आणि त्यांपुढे गावं. "प्राणहिता गोदावरीला मिळते ते सिरोंचा," हे म्हणाले, "आपल्या गडचिरोलीतलंच आहे. तिकडची माणसं इथवर पाणी पाठवतात, त्यांना एकदा भेटून यायला पाहिजे."

"कधी?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर. तोवर गुडघ्याचं बघून घेतो."

मी चिवड्याची उरलेली पुडी उघडली आणि वही माझ्याकडे ओढून घेतली, कारण सिरोंचाला जायचं तर आधी नागपूर की आधी चंद्रपूर, हे त्यांनी उलटं लिहिलं होतं.